बंदुकीच्या अलीकडचे उत्तर

ऑक्टोबर १९१४. युरोपात महायुद्ध पेटले होते, पण पोर्तुगाल अजून तटस्थ होता. जर्मनीच्या ताब्यातील नैर्ऋत्य आफ्रिकेतून, म्हणजे आजच्या नामिबियातून, एक छोटी जर्मन तुकडी सीमा ओलांडून पोर्तुगीज अंगोलातल्या नौलिला या ठाण्यावर आली. एकमेकांची भाषा कोणालाच धड येत नव्हती. दुभाष्याच्या घोळातून संशय वाढला, गोळ्या सुटल्या आणि तीन जर्मन अधिकारी ठार झाले. जर्मन वसाहतीच्या प्रशासनाने पोर्तुगीजांकडे ना खुलासा मागितला ना भरपाई. सूड घ्यायला थेट सैन्य निघाले. डिसेंबरात नौलिला पडले आणि सीमेवरची आणखी काही पोर्तुगीज ठाणीही उद्ध्वस्त झाली.

युद्ध संपल्यावर पोर्तुगालने भरपाई मागितली आणि प्रकरण स्विस पंचांच्या लवादापुढे गेले. त्यांचा निकाल ३१ जुलै १९२८ रोजी लागला. आम्ही केवळ प्रत्याघात केला, असे जर्मनीचे म्हणणे होते. पंचांनी प्रत्याघाताला तीन अटी घातल्या. समोरच्याने आधी खरोखर कायदा मोडलेला असला पाहिजे. त्याच्याकडे दाद मागूनही ती मिळालेली नसली पाहिजे. आणि उत्तर मूळ आगळिकीच्या अगदीच प्रमाणाबाहेर जाता कामा नये. नौलिलात जे घडले तो गैरसमजातून झालेला अपघात होता, दाद मागितलीच गेली नव्हती आणि ठाण्यांमागून ठाणी पाडण्याला प्रमाण म्हणता येत नव्हते. जर्मनी तिन्ही अटींवर हरला.

हा निकाल कायद्याच्या अभ्यासक्रमात आजही शिकवला जातो. पण तो बारकाईने वाचला की एक गोष्ट खटकते. या तीन अटी पाळून जर्मनीने सैन्य पाठवले असते, तर पंचांच्या दृष्टीने ते चालले असते. १९२८ साली कायद्याला बंदुकीचे वावडे नव्हते. दुखावलेल्या देशाचा उत्तर देण्याचा हक्क कायम ठेवायचा, पण त्या उत्तरातून बंदूक काढून घ्यायची, आणि ज्या एका प्रसंगी बंदूक उरेल त्या प्रसंगासाठी वेगळा, अरुंद नियम ठेवायचा, हे काम पुढच्या सात दशकांत झाले. ते ज्यांनी केले त्यांची नावे फारशी कोणाला ठाऊक नाहीत, आणि त्यांनी लिहिलेला मसुदा अजूनही करार झालेला नाही. तरीही दोन देशांचे भांडण न्यायालयात पोचले की दोन्हीकडचे वकील आधी तोच मसुदा उघडतात.

त्याआधीचा काळ आरमारांचा होता. १८४७ साली अथेन्समध्ये जमावाने डॉन पॅसिफिको नावाच्या व्यापाऱ्याचे घर लुटले. जन्म जिब्राल्टरचा असल्याने तो ब्रिटिश प्रजाजन ठरत होता. त्याच्या भरपाईसाठी ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री पामर्स्टन यांनी १८५० मध्ये आरमार धाडून पिरेयस बंदराची कोंडी केली. १९०२ च्या डिसेंबरात ब्रिटन, जर्मनी आणि इटली यांनी थकलेल्या कर्जांसाठी व्हेनेझुएलाचा किनारा रोखला. कर्जवसुलीसाठी तोफा वापरता कामा नयेत, असे अर्जेंटिनाचे परराष्ट्रमंत्री लुईस मारिया द्रागो यांनी त्याच महिन्यात ठणकावून सांगितले. लॅटिन अमेरिकेने ही आठवण पुसू दिली नाही. राष्ट्रांच्या जबाबदारीचा कायदा लिहायची वेळ आली तेव्हा पहिला अडथळा याच आठवणीचा होता. हा कायदा म्हणजे श्रीमंत देशांच्या नागरिकांची गरीब देशांकडून वसुली करण्याचे हत्यार तर नव्हे, हा तो संशय. तो अजिबात अनाठायी नव्हता.

राष्ट्रसंघाने १९३० मध्ये हेग येथे परिषद बोलावली आणि हा विषय संहितेत बसवून पाहिला. परदेशी माणसाला त्या देशाच्या नागरिकाइतकेच संरक्षण द्यायचे की त्याहून वरचे, या मुद्द्यावर परिषद अडली आणि जबाबदारीचे प्रकरण हाती काही न लागता बंद झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय विधी आयोग नेमला. १९४९ च्या पहिल्याच बैठकीत आयोगाने संहितेत घ्यायच्या विषयांची यादी केली आणि तीत हा विषय घातला. आयोगाच्या सुरुवातीच्या सदस्यांत भारताच्या राज्यघटनेचा पहिला मसुदा तयार करणारे बेनेगल नरसिंह राव होते. त्यांच्यानंतर टोकियो खटल्यातील वेगळ्या निकालपत्रामुळे गाजलेले न्यायमूर्ती राधाबिनोद पाल आले.

आयोगाची पद्धत अशी की एक विषय एका सदस्याकडे सोपवायचा, त्याने वर्षानुवर्षे अहवाल लिहायचे आणि सगळ्यांनी त्यांचा कीस पाडायचा. १९५५ मध्ये क्यूबाचे गार्सिया आमादोर यांच्याकडे हे काम आले. त्यांनी सहा अहवाल लिहिले, पण त्यांचा रोख पुन्हा परदेशी माणसांच्या जीविताच्या आणि मालमत्तेच्या हानीवरच राहिला. मेक्सिकोचे पादिया नेर्वो यांनी त्यांना तोंडावर सांगितले की हे नियम लहान देशांच्या वाट्याला आले तेव्हा ते देश दुबळे होते आणि त्यांना ते घडवायला कोणी बोलावले नव्हते. आशिया-आफ्रिकेतले देश एकामागून एक स्वतंत्र होत होते. जुन्या पायावर इमारत उभी राहणार नाही, हे स्पष्ट झाले. १९६२ मध्ये, आयोगाचे अध्यक्षपद पाल यांच्याकडे असताना, या विषयाचा नव्याने विचार करायला उपसमिती नेमली गेली. तिचे प्रमुख होते इटलीचे रॉबर्तो आगो.

आगोंनी जे सुचवले ते वरकरणी अगदी साधे होते. देशांनी काय करावे आणि काय करू नये, परदेशी माणसाशी कसे वागावे, नदीचे पाणी कसे वाटावे, वकिलातीला संरक्षण कसे द्यावे, यात आयोगाने पडूच नये. ती कर्तव्ये ज्या त्या कराराने ठरवावीत. आयोगाने एवढेच लिहावे की कर्तव्य कोणतेही असो, ते मोडले तर पुढे काय. शेताचा बांध कुठून जातो हा एक वाद, आणि बांध फोडणाऱ्याने काय भरून द्यायचे हा दुसरा. पहिल्या वादात गाव कधीच एकमताचे होणार नाही, दुसऱ्यात होऊ शकेल. ही वाटणी केल्याबरोबर श्रीमंत-गरीब, भांडवलशाही-साम्यवादी असे सगळे गट एका टेबलाशी बसू शकले. आगोंनी १९६९ ते १९७९ या काळात आठ अहवाल लिहिले. या सगळ्या इतिहासात कोणा एकाची बुद्धी निर्णायक ठरली असेल तर ती आगोंची.

आता गाभा. मसुद्याचे पहिले कलम सांगते की देशाने आंतरराष्ट्रीय कायदा मोडला की त्याची जबाबदारी त्या देशावर येते. दुसरे कलम कायदा मोडणे म्हणजे काय ते सांगते. कृत्य त्या देशाचेच असले पाहिजे आणि त्या कृत्याने त्या देशाचे एखादे कर्तव्य मोडले गेलेले असले पाहिजे. देशाला हातपाय नसतात. त्याच्या नावाने हवालदार, सैनिक, मंत्री, न्यायाधीश वागतात, आणि कधीकधी ज्यांचे नाव कुठल्याच हजेरीपटावर नाही अशी माणसेही वागतात. कोणाचे कृत्य देशाच्या खात्यावर मांडायचे, हा प्रश्न म्हणूनच इतका अवघड आहे. मसुद्याने त्याला चौथ्यापासून अकराव्यापर्यंत आठ कलमे दिली आहेत.

तेहरानचे प्रकरण या दृष्टीने फार बोलके आहे. ४ नोव्हेंबर १९७९ रोजी विद्यार्थ्यांनी अमेरिकेची वकिलात ताब्यात घेतली. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९८० च्या निकालात घटनेचे दोन भाग पाडले. पहिल्या दिवशी ते विद्यार्थी इराणचे सरकारी हस्तक असल्याचे सिद्ध होत नव्हते. वकिलातीचे संरक्षण न करणे, ही तेव्हाची इराणची चूक होती. पण काही दिवसांनी क्रांतीचे नेते खोमेनी यांनी त्या ताब्याला जाहीर मान्यता दिली आणि ओलीस सोडणार नाही असे सांगितले. त्या क्षणापासून तेच विद्यार्थी इराणच्या वतीने वागणारे ठरले. माणसे बदलली नाहीत, इमारत बदलली नाही, तरी कृत्याचा धनी बदलला.

'रेनबो वॉरियर' या ग्रीनपीसच्या जहाजाच्या प्रकरणात धनी कोण हे लवकरच कळले. पॅसिफिकमधल्या फ्रेंच अणुचाचण्यांना विरोध करायला निघालेले हे जहाज १० जुलै १९८५ च्या रात्री ऑकलंडच्या बंदरात दोन स्फोटांनी बुडाले आणि फर्नांडो परेरा हा छायाचित्रकार मरण पावला. न्यूझीलंडच्या पोलिसांनी फ्रान्सच्या गुप्तचर खात्याचे दोघे पकडले आणि सप्टेंबरात फ्रान्सच्या पंतप्रधानांनी हे आपल्याच हेरांचे काम असल्याची कबुली दिली. पुढे जे झाले ते जास्त शिकवणारे आहे. आपली माणसे सुटावीत म्हणून फ्रान्सने न्यूझीलंडहून येणाऱ्या मालाची अडवणूक सुरू केली, म्हणजे ज्याने आगळीक केली त्यानेच व्यापाराचा फास आवळला. अखेर दोन्ही देशांनी संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांचा शब्द मानायचे ठरवले. पेरेझ दे क्वेयार यांनी १९८६ मध्ये सांगितले की फ्रान्सने बिनशर्त माफी मागावी, ७० लाख डॉलर द्यावेत, आणि दोन्ही हेरांना हाओ या दूरच्या प्रवाळबेटावरील लष्करी तळावर तीन वर्षे ठेवावे. फ्रान्सने पैसे दिले, माफी मागितली, आणि मग एकाला आजारपणासाठी व दुसरीला गरोदरपणासाठी मुदतीआधीच घरी नेले. न्यूझीलंड पुन्हा लवादाकडे गेला. १९९० मध्ये लवादाने फ्रान्सने कर्तव्य मोडल्याचे जाहीर केले आणि हे जाहीर ठपका ठेवणे हीच एक प्रकारची भरपाई मानली. हे ऐकायला फार थोडे वाटते. पण न्यूझीलंडसारख्या लहान देशाला फ्रान्ससारख्या अण्वस्त्रधारी देशाकडून लेखी माफी आणि पैसे मिळाले, आणि त्यासाठी एकही गोळी झाडावी लागली नाही. १८५० मध्ये याची कल्पनाही करता आली नसती.

दुसऱ्या कलमातली दुसरी अट, कर्तव्य मोडले गेले का, हिचे उदाहरण आपल्याच मुलखातले आहे. जुलै-ऑगस्ट १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली स्वयंसेवकांनी पोर्तुगीजांच्या हातून सोडवली. त्यांत आझाद गोमंतक दलाचे तरुण होते आणि संगीतकार सुधीर फडके यांच्यासारखी महाराष्ट्राला परिचित माणसेही होती. दमणहून या भागात जायचे तर भारताच्या जमिनीवरून जावे लागे, आणि भारताने वाट बंद केली होती. डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगालने भारताला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले. भारताने आमचा जाण्या-येण्याचा हक्क मोडला, असे त्याचे म्हणणे होते. भारताची बाजू मांडणाऱ्यांत मोतीलाल सेटलवाड होते, आणि भारताच्या वतीने खास न्यायाधीश म्हणून मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छगला बसले.

पोर्तुगालने आपला हक्क १७७९ च्या पुण्याच्या तहापर्यंत मागे नेला. पेशव्यांनी त्या तहाने आणि नंतरच्या सनदांनी आम्हाला या गावांचे सार्वभौमत्व दिले, असा त्याचा दावा होता. त्यामुळे पेशवे दरबाराचे कागद हेगच्या न्यायाधीशांपुढे गेले. न्यायालयाने ते वाचून निष्कर्ष काढला की पेशव्यांनी दिला तो १२,००० रुपयांच्या महसुलाचा हक्क. तो सरंजामाच्या स्वरूपाचा होता आणि सार्वभौमत्व त्यात नव्हते. १२ एप्रिल १९६० चा निकाल बारीक कातलेला आहे. सामान्य प्रवासी, मुलकी अधिकारी आणि माल यांना नेण्याचा हक्क ब्रिटिश काळातील वहिवाटीने पोर्तुगालला मिळाला होता. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे नेण्याचा हक्क मात्र नव्हता, आणि हा मुद्दा ८ विरुद्ध ७ अशा एका मताने ठरला. १९५४ च्या तणावात वाट बंद करणे भारताच्या नियमनाच्या अधिकारात बसत होते. कर्तव्य मोडले गेलेच नाही, म्हणून जबाबदारीचा प्रश्न उरला नाही.

आता प्रत्युपायांकडे वळू. समोरच्या देशाने आपल्याशी केलेला करार मोडला, तर त्याला ताळ्यावर आणण्यासाठी आपणही त्याच्यापुरते एखादे कर्तव्य तात्पुरते बाजूला ठेवायचे, म्हणजे प्रत्युपाय. एरवी बेकायदा ठरणारी गोष्ट या परिस्थितीत बेकायदा ठरत नाही. हे शस्त्र नसून दबाव आहे, आणि त्याचा अर्थ उत्तम समजतो तो १९७८ च्या एका विमानाच्या भांडणातून.

अमेरिकेची पॅन ॲम ही कंपनी आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून लंडनमार्गे पॅरिसला विमाने नेऊ लागली. लंडनला प्रवासी मोठ्या विमानातून उतरून लहान विमानात बसत. १९४६ च्या करारात असा बदल बसत नाही, असे फ्रान्सचे मत होते. ३ मे १९७८ रोजी पॅन ॲमचे विमान पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावर उतरले तेव्हा पोलिसांनी त्याला वेढा घातला. एकाही प्रवाशाला उतरू न देता विमान लंडनला परत पाठवण्यात आले. अमेरिकेने लष्करी भाषा केली नाही. तिच्या विमान वाहतूक मंडळाने आदेश काढला की १२ जुलैपासून एअर फ्रान्सच्या पॅरिस–मॉन्ट्रियल–लॉस एंजलिस फेऱ्या बंद. आदेश लागू व्हायच्या आदल्या दिवशी, ११ जुलैला, दोन्ही देशांनी लवादाच्या करारावर सह्या केल्या.

डिसेंबरात निकाल आला. पॅन ॲमचे बरोबर होते आणि अमेरिकेचा उपाय उघडपणे प्रमाणाबाहेरचा नव्हता. लवादाने एक महत्त्वाचे तत्त्व सांगितले. फेऱ्यांची संख्या किंवा पैशांचा हिशेब एवढ्यावर प्रमाण ठरत नाही. कोणत्या तत्त्वावर भांडण आहे, त्याचे वजनही धरावे लागते. या लवादाचे अध्यक्ष होते हॉलंडचे विलेम रिपहागेन. पुढच्याच वर्षी आगो आंतरराष्ट्रीय न्यायालयावर निवडून गेले आणि आयोगातले त्यांचे काम रिपहागेन यांच्याकडे आले. ऑर्लीच्या धावपट्टीवरचा प्रसंग ज्याच्या टेबलावरून गेला, तोच आता प्रत्युपायांची कलमे लिहू लागला.

प्रमाण म्हणजे काय याची मोठी परीक्षा डॅन्यूब नदीवर झाली. हंगेरी आणि चेकोस्लोव्हाकिया यांनी १९७७ मध्ये नदीवर दोन धरणे संयुक्तपणे बांधायचा करार केला. १९८९ मध्ये पर्यावरणाच्या चिंतेने हंगेरीने काम थांबवले. चेकोस्लोव्हाकियाने पर्यायी योजना आखून ऑक्टोबर १९९२ मध्ये नदीचे बहुतांश पाणी आपल्या बाजूच्या कालव्यात वळवले. वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि न्यायाधीशांनी १९९७ च्या वसंतात स्वतः जाऊन हा भाग पाहिला. त्या न्यायालयाच्या इतिहासातली ती पहिली स्थळपाहणी होती. निकालात दोघेही चुकले. हंगेरीला काम सोडायचा हक्क नव्हता, पण सामायिक नदीतला शेजाऱ्याचा न्याय्य वाटा एकतर्फी काढून घेणे हा प्रमाणात बसणारा प्रत्युपाय नव्हता. न्यायालयाने त्या वेळी अपुरा असलेला आयोगाचा मसुदा आधार म्हणून वापरला. हंगेरीच्या वकिलांत ऑस्ट्रेलियाचे जेम्स क्रॉफर्ड होते, आणि त्याच वर्षी आयोगाने हा विषय त्यांच्या हाती दिला.

क्रॉफर्डांच्या आधीचे इटलीचे आरांजो-रुइझ १९९६ मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडले होते. प्रत्युपाय करणाऱ्या देशाला सक्तीने लवादापुढे आणता यावे, यासाठी त्यांनी जोर लावला होता. त्यांच्या काळजीत तथ्य होते. प्रत्युपाय परवडतो तो बलवानाला. अमेरिका एअर फ्रान्सच्या फेऱ्या थांबवू शकते, पण एखादे बेटराष्ट्र कोणाचे काय थांबवणार? अनेक विकसनशील देशांना तर प्रत्युपायांची कलमेच नको होती. क्रॉफर्डांचे म्हणणे असे की प्रत्युपाय लिहिले नाहीत म्हणून ते थांबत नाहीत. लिहिले तर निदान त्यांना वेसण घालता येते. हा युक्तिवाद टिकला, आणि तो टिकला हे बरेच झाले.

अंतिम कलमांत ही वेसण घट्ट आहे. प्रत्युपायाचा हेतू समोरच्याला कर्तव्यावर परत आणणे हा असला पाहिजे, शिक्षा करणे हा नव्हे. आधी मागणी करायची, बोलणी देऊ करायची. उपाय होता होईल तो मागे घेता येण्याजोगा हवा, आणि समोरचा वळणावर आला की लगेच थांबायला हवा. बळाचा वापर किंवा धमकी, मूलभूत मानवी हक्कांचा भंग, युद्धकायद्याने संरक्षण दिलेल्या माणसांवर सूड, आणि वकिलातींच्या संरक्षणाशी खेळ या गोष्टी प्रत्युपाय म्हणून कधीही करता येत नाहीत. नौलिलाचे तीन नियम इथे आहेत, पण नौलिलाला पाठवलेले सैन्य इथे नाही.

बंदुकीची वेगळी कथा १८३७ च्या डिसेंबरात नायगारा नदीवर सुरू होते. कॅनडातल्या बंडखोरांना रसद पुरवणारी 'कॅरोलाइन' ही अमेरिकन आगबोट ब्रिटिशांनी रात्री अमेरिकन किनाऱ्यावर जाऊन पकडली, पेटवली आणि प्रवाहात सोडून दिली. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डॅनियल वेब्स्टर यांनी नंतर लिहिले की अशा स्वसंरक्षणाची निकड तत्काळ आणि अनिवार हवी, दुसरा मार्ग आणि विचाराला क्षणही उरलेला नसावा. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या १९४५ च्या सनदेने बळाचा वापर सरसकट निषिद्ध केला आणि कलम ५१ मध्ये एक अपवाद ठेवला. सशस्त्र हल्ला झाला तर स्वसंरक्षणाचा हक्क आहे, सुरक्षा परिषदेला ताबडतोब कळवायचे आणि परिषद पावले उचलेपर्यंतच तो हक्क चालवायचा.

आयोगाने स्वसंरक्षणावर एकच कलम लिहिले, एकविसावे. सनदेला धरून केलेले स्वसंरक्षण बेकायदा नाही, एवढेच त्यात आहे. सशस्त्र हल्ला कशाला म्हणायचे याची व्याख्या आयोगाने मुद्दाम टाळली. ते काम सनदेचे आणि न्यायालयाचे, ही आगोंची जुनी शिस्त होती. न्यायालयाने हे काम १९८६ मध्ये केले. निकाराग्वाने अमेरिकेविरुद्ध दावा लावला होता. बंदरांत सुरुंग पेरणे, तेलसाठ्यांवर हल्ले, काँट्रा बंडखोरांना पैसा आणि शस्त्रे, असे आरोप होते. न्यायालयाचे अध्यक्ष होते भारताचे नगेंद्र सिंह, आणि पीठावर आगोही होते. बहुमताने ठरले की बंडखोरांना शस्त्रे देणे हा बळाचा बेकायदा वापर असू शकतो, पण तेवढ्याने तो सशस्त्र हल्ला होत नाही. दुसऱ्या देशाच्या मदतीला जायचे तर त्या देशाने आपल्यावर हल्ला झाल्याचे जाहीर करून मदत मागितलेली असली पाहिजे. काँट्रांच्या प्रत्येक कृत्याचा धनी अमेरिका ठरवायचा तर त्या विशिष्ट कारवाईवर तिचे प्रत्यक्ष नियंत्रण दाखवावे लागेल. अमेरिका खटल्यातून आधीच बाहेर पडली होती आणि तिने निकाल मानला नाही. पण प्रत्यक्ष नियंत्रणाची ही कसोटी आयोगाच्या आठव्या कलमात उतरली.

भारताचा स्वतःचा अनुभव या कलमांच्या कडेकडेने जातो. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरले तेव्हा सुरक्षा परिषदेत भारताने सांगितले की शतकांपूर्वीच्या वसाहती विजयातून सार्वभौमत्व निर्माण होत नाही, गोवा भारताचाच भाग आहे. माघारीचा ठराव सोव्हिएत नकाराधिकाराने पडला. जानेवारी १९७१ मध्ये 'गंगा' हे इंडियन एअरलाइन्सचे विमान पळवून लाहोरला नेऊन जाळले गेले, आणि भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या आकाशातून जायला बंदी केली. पूर्व आणि पश्चिम पाकिस्तान यांमधला सरळ हवाई मार्ग त्यामुळे ऐन निर्णायक वर्षात तुटला. त्या वादात आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिषदेला लक्ष घालता येते, असे न्यायालयाने १९७२ मध्ये ठरवले. २०२० मध्ये कतारच्या विमानांवर शेजाऱ्यांनी घातलेल्या बंदीच्या प्रकरणातही तोच निष्कर्ष निघाला. आम्ही प्रत्युपाय करतो आहोत एवढे म्हटल्याने पंचाचा अधिकार जात नाही.

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात १६६ जणांचा बळी गेला. हल्लेखोर कराचीहून समुद्रमार्गे आले होते. त्यांच्या मागे कोणते सरकारी हात होते हे निकाराग्वाच्या कसोटीने सिद्ध करणे म्हणजे कोणत्या अधिकाऱ्याने कोणत्या क्षणी काय हुकूम दिला हे दाखवणे. पीडितांच्या बाजूने पाहता ही कसोटी निर्दय वाटते, आणि मुंबईकराला ती तशी वाटली तर त्यात चूक नाही. पण कायद्यात दुसरे दारही आहे. १९४६ मध्ये अल्बानियाच्या समुद्रात सुरुंगांनी ब्रिटिश विनाशिकांचे मोठे नुकसान झाले. त्या खटल्यात न्यायालयाने १९४९ मध्ये सांगितले होते की आपल्या भूमीचा वापर दुसऱ्याच्या हक्कांविरुद्ध जाणूनबुजून होऊ देणे, हाच कर्तव्यभंग आहे. सुरुंग कोणी पेरले हे सिद्ध न होताही अल्बानिया जबाबदार ठरला. जानेवारी २००९ मध्ये भारताने पाकिस्तानला पुराव्यांची फाइल दिली आणि कारवाई मागितली, ती याच दिशेची. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला २६ जण मारले गेल्यावर भारताने सिंधू पाणीवाटप करार स्थगित ठेवला, दोन्ही देशांनी एकमेकांना आकाश बंद केले, आणि ७ मे रोजी क्षेपणास्त्रे सुटली. आयोगाने वेगळ्या लिहिलेल्या गोष्टी, कृत्याचा धनी, प्रत्युपाय आणि स्वसंरक्षण, त्या पंधरा दिवसांत एकाच बातमीपत्रात आल्या. प्रत्येकीला वेगळी कसोटी लागते, हे त्या गदारोळात फार थोड्यांनी सांगितले.

आयोगाने ५९ कलमे ऑगस्ट २००१ मध्ये मंजूर केली. सुमारे महिन्याभराने न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले आणि बिगरसरकारी टोळीविरुद्ध स्वसंरक्षण चालते का, हा वाद सगळ्या जगावर आदळला. एकविसावे कलम एका वाक्याचे ठेवले होते म्हणूनच ते त्या वादात टिकले. १२ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मसुद्याची नोंद घेतली. त्याचा करार करावा का, यावर दर तीन वर्षांनी चर्चा होते आणि निर्णय पुढे ढकलला जातो. क्रॉफर्डांना करार नकोच होता. परिषदेत बसलो तर जमलेली घडी विस्कटेल आणि निम्म्या देशांची सही नसलेला कागद हाती येईल, अशी त्यांची धास्ती होती. दरम्यान न्यायालयांनी ही कलमे रूढ कायदा म्हणून वापरली, आणि करार न होताही ती पक्की झाली.

एक कलम मात्र आयोगाने उघडेच सोडले. सगळ्या जगाच्या हिताचे कर्तव्य मोडले गेले, तर ज्यांना थेट झळ लागली नाही अशा देशांनी प्रत्युपाय करावेत का? मते इतकी फाटली की चोपन्नाव्या कलमात त्यांच्या 'कायदेशीर उपायांना' बाधा नाही एवढेच लिहिले गेले. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर पूर्ण आक्रमण केले आणि पाश्चात्त्य देशांनी रशियाच्या मध्यवर्ती बँकेची सुमारे ३०० अब्ज डॉलरची ठेव गोठवली. गोठवणे मागे घेता येते, जप्त करून खर्च करणे येत नाही. ती रक्कम युक्रेनला देऊन टाकावी का, या वादात दोन्ही बाजू मागे घेता येण्याच्या अटीशीच झटत आहेत.

बेटराष्ट्र कोणाचे काय थांबवणार, या प्रश्नाला एक उत्तर पॅसिफिकमधून आले. दक्षिण पॅसिफिक विद्यापीठातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी २०१९ मध्ये हवामानबदलाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेण्याची मोहीम सुरू केली आणि वानुआतूने ती आमसभेपर्यंत पोचवली. २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने एकमुखाने मत दिले. हवामानविषयक कर्तव्य मोडणे हे आंतरराष्ट्रीय दृष्ट्या बेकायदा कृत्य आहे आणि त्याला राष्ट्रांच्या जबाबदारीचे नेहमीचे नियम लागू होतात. धूर अनेकांचा मिसळलेला आहे, म्हणून एकेकट्या देशाची जबाबदारी ठरवता येत नाही, हा बचाव न्यायालयाने मानला नाही. खाजगी कंपन्यांच्या धुराबद्दल त्याने सांगितले की कंपनीचा धूर देशाच्या खात्यावर जात नाही, पण त्या कंपनीला आवरण्यासाठी आवश्यक ती काळजी न घेणे ही देशाची स्वतःची कृती आहे आणि तिच्याबद्दल त्या देशाला जाब विचारता येतो.